ब्रेकची दुरुस्ती : स्वहस्ते की कार्यशाळेत? – ओझर व मुंबई-आग्रा मार्गाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील ओझर हे गाव नाशिकच्या ईशान्येस सुमारे वीस किलोमीटर अंतरावर, बाणगंगा नदीच्या काठी, मुंबई-आग्रा मार्गावर वसलेले आहे. १९६४ मध्ये या गावाच्या शिवारात मिग विमानांच्या कारखान्याची उभारणी सुरू झाली आणि पुढे ‘ओझर मिग’ या जोडनावानेच गाव ओळखले जाऊ लागले. महामार्गावर धावणाऱ्या मालमोटारी, एस. टी. गाड्या, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर व दुचाक्या एकीकडे आणि ध्वनीपेक्षा अधिक वेगाने उडणारी लढाऊ विमाने दुसरीकडे, अशी दोन टोकांची वाहने या एकाच परिसरात दुरुस्तीसाठी उभी राहतात. त्यामुळे वाहन-दुरुस्तीच्या सामाजिक इतिहासाचा विचार करण्यासाठी ओझर हे विशेष सोयीचे ठिकाण ठरते.

वाहनाच्या मालकाने दुरुस्ती स्वतः करावी की मोबदला देऊन दुसऱ्याकडून करवून घ्यावी, हा प्रश्न वरकरणी घरगुती हिशेबाचा वाटतो. तथापि त्यामागे तंत्रज्ञान, श्रमविभागणी, कायदा व परावलंबन यांचा मोठा इतिहास आहे. प्रस्तुत निबंधात हा प्रश्न प्रामुख्याने ब्रेकच्या संदर्भात तपासला आहे. मोटारीचा इतर बहुतेक कोणताही भाग बिघडला तर गाडी थांबते. ब्रेक बिघडला तर ती थांबत नाही. म्हणूनच या एका दुरुस्तीत पैशांच्या बचतीचा प्रश्न थेट जीविताच्या प्रश्नाशी जोडला जातो.

निबंधाचे प्रतिपादन असे की, स्वहस्ते दुरुस्ती शक्य होण्यासाठी चार गोष्टी लागतात : हत्यारे, सुटे भाग, ज्ञान आणि जबाबदारी घेण्याची व्यवस्था. खर्च ही पाचवी गोष्ट होय. मात्र निर्णय बहुतेक वेळा पहिल्या चार गोष्टींनीच झालेला असतो.

मोटारपूर्व काळ : शेतकरी, सुतार आणि लोहार

मोटार येण्यापूर्वी या मार्गावरचे मुख्य वाहन बैलगाडी हे होते. तिच्या देखभालीत श्रमाची विभागणी स्पष्ट होती. आसाला वंगण घालणे, दोर आवळणे, किरकोळ खुंट्या बदलणे ही कामे शेतकरी स्वतः करी. चाक घडविणे हे सुताराचे व चाकावर लोखंडी धाव बसविणे हे लोहाराचे काम होते. धाव तापवून फुगवावी लागते, ती तापलेली असतानाच चाकावर चढवावी लागते आणि पाणी ओतून आवळावी लागते. त्यासाठी भट्टी व एकाहून अधिक माणसे लागत. म्हणजे घरी काय करावयाचे व कारागिराकडे काय न्यावयाचे, याची सीमारेषा हत्यारांनी व कौशल्याने आखलेली होती.

मोबदल्याची पद्धतही लक्षात घेण्यासारखी आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात वर्णिलेल्या बलुतेदारीत कारागिराला प्रत्येक कामाचे दाम मिळत नसून सुगीच्या वेळी धान्य मिळे. अशा व्यवस्थेत ‘स्वतः केले तर किती वाचतील’ हा प्रश्न आजच्या अर्थाने उद्भवतच नव्हता. दुरुस्तीला नगाप्रमाणे किंमत येणे ही पुढच्या काळातील घटना होय.

उतारावर वाहन आवरण्याची अडचण मात्र जुनीच होती. कोकणातून नाशिककडे येताना थळ घाट, म्हणजेच कसारा घाट ओलांडावा लागतो. १८६५ मध्ये या घाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हा मार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट असा होता. इंजिनाच्या ओढण्याच्या शक्तीइतकाच गाडी रोखून धरण्याच्या शक्तीचा विचार येथे अभियंत्यांना करावा लागला. पुढे मोटारींनाही याच डोंगराशी सामना करावा लागला.

मोटारीचे आगमन आणि चालक-कारागीर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत मोटारी आल्या. प्रारंभीच्या मोटारींचे ब्रेक दांड्या व तारा यांच्या साहाय्याने चालत आणि पुष्कळदा ते केवळ मागील चाकांना असत. ब्रेकच्या घर्षणासाठी लाकूड, चामडे इत्यादी पदार्थ वापरून पाहिले गेले. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड याने १८९७ च्या सुमारास घर्षण-अस्तराच्या निर्मितीस आरंभ केला व त्यातून पुढे ॲस्बेस्टॉसयुक्त अस्तर रूढ झाले. मराठी गॅरेजांत ज्याला ‘लायनर’ म्हणतात, तो हाच घटक होय.

या काळातील मोटार-मालक संपन्न वर्गातला होता. तो स्वतः हात काळे करीत नसे. परंतु तो गाडी कार्यशाळेतही नेत नसे, कारण मुंबईसारखी शहरे सोडता कार्यशाळाच नव्हत्या. त्याने पगारावर ठेवलेला चालक हाच कारागीर असे. तारा ढिल्या झाल्या की पान्याने आवळणे, लायनर झिजले की नवे बसविणे ही कामे त्याच्या नोकरीचाच भाग होती. १९१४ च्या भारतीय मोटार वाहन कायद्याने मोटारींची नोंदणी व चालकाचा परवाना यांचे नियमन केले. गाडी चालविण्यास परवाना लागे. ती दुरुस्त करणाऱ्यास मात्र तसा परवाना आवश्यक नव्हता. ही विषमता पुढेही टिकून राहिली.

१९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. त्यानंतर सुट्या भागांचा व्यापार वाढला. याच सुमारास पाश्चात्त्य मोटारींत तारांऐवजी द्रवदाबावर चालणारे ब्रेक येऊ लागले आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत ते सर्वत्र रूढ झाले. या बदलाने चारही चाकांवर समान दाब पडू लागला. पण त्याचबरोबर बिघाड डोळ्यांना दिसेनासा झाला. तार तुटली तर ती दिसते. नळीत शिरलेली हवा दिसत नाही.

टंचाईचा कालखंड : मिस्त्री व मालक

स्वातंत्र्यानंतर सरकारने देशी उत्पादनाला संरक्षण देण्याचे धोरण स्वीकारले. १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशींनंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे राहणे परवडेना आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपली जुळणी-केंद्रे बंद केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ला येथे तयार होणारी फियाट, हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर आणि महिंद्रची जीप ही वाहने दीर्घकाळ रस्त्यावर राहिली. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. त्यामुळे जुनी गाडी चालू ठेवणे ही गरजच होती.

या टंचाईचा एक अनपेक्षित परिणाम झाला. एकच रचना दशकानुदशके बदलली नाही, म्हणून तिच्या दुरुस्तीचे ज्ञान सर्वत्र पसरले. फियाटचे वा जीपचे ब्रेक उघडता येणारा मिस्त्री महामार्गावरील लहान गावांतही सापडू लागला. ड्रम ब्रेकच्या दुरुस्तीचे टप्पे ठरलेले होते. गाडी जॅकवर घ्यावयाची, चाक उतरवावयाचे, ड्रम हातोडीने सैल करून काढावयाचा, स्प्रिंगा सोडवून शू बाहेर घ्यावयाचे, झिजलेल्या लायनरचे रिव्हेट काढून नवे लायनर ठोकून बसवावयाचे, व्हील सिलिंडरचे रबर बदलावयाचे आणि अखेरीस नळ्यांतील हवा काढावयाची. हवा काढण्याचे काम एकट्याने होत नसे. एकाने आत बसून पेडल दाबून धरावयाचे व दुसऱ्याने चाकापाशी निपल सैल करून बुडबुडे संपेपर्यंत ब्रेक ऑईल बाहेर जाऊ द्यावयाचे, अशी ती रीत होती. घरी दुरुस्ती करणाऱ्या मालकाला यासाठी घरातल्याच कोणाला तरी पेडलवर बसवावे लागे.

प्रत्यक्षात मालकाचे काम मर्यादितच राहिले. ब्रेक ऑईलची पातळी पाहणे, शू जुळवून पेडल वर आणणे एवढे तो करी. लायनर रिव्हेट करणे आणि घासलेला ड्रम लेथवर फिरवून समतल करणे यांसाठी गॅरेज गाठावे लागे. येथेही सीमारेषा हत्यारांनीच आखलेली दिसते. धाव बसविणाऱ्या लोहाराच्या भट्टीची जागा आता लेथने घेतली होती.

मध्यमवर्गीय घरांत स्वहस्ते दुरुस्तीची परंपरा मोटारीपेक्षा स्कूटरने अधिक रुजविली. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या बजाज चेतकसारख्या स्कूटरचे ब्रेक तारेवर चालणारे होते. तार आवळणे, ती तुटल्यास नवी ओवणे ही कामे स्कूटरबरोबर मिळणाऱ्या दोन-चार पान्यांनी अंगणात होत असत. ज्ञान, भाग व हत्यारे तिन्ही हाताशी असल्यामुळे येथे मिस्त्रीची गरज कमी भासली.

या काळाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. स्वस्त दुरुस्ती स्वस्त श्रमावर उभी होती. गॅरेजात काम शिकणारा मुलगा नाममात्र मोबदल्यावर राबे. ड्रममधील धूळ फुंकून वा हवेच्या झोताने उडविली जाई व त्या धुळीत ॲस्बेस्टॉस असे. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचे गंभीर विकार व कर्करोग होतो. १९८६ च्या बालकामगार कायद्याखालील निषिद्ध व्यवसायांच्या यादीत पुढे मोटार गॅरेजांचा समावेश करण्यात आला. गाडीमालकाला मिळालेल्या बचतीची किंमत अशा रीतीने दुसऱ्या कोणाच्या तरी शरीराने चुकविली होती.

एस. टी. : संस्थेची स्वहस्ते दुरुस्ती

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने या सेवेला महामंडळाचे रूप मिळाले. एस. टी. ने देखभाल बाहेरच्या गॅरेजांकडे सोपविण्याऐवजी आगार, विभागीय कार्यशाळा आणि मध्यवर्ती कार्यशाळा अशी त्रिस्तरीय रचना उभारली. दापोडी, औरंगाबादजवळील (आताचे छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा व नागपूरजवळील हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत गाड्यांची बांधणी व मोठी दुरुस्ती होत असे. नित्याची तपासणी मात्र आगारातच होई.

या निर्णयामागील तर्क सरळ आहे. एकाच जातीच्या हजारो गाड्या असल्या की सुट्या भागांचा साठा परवडतो, विशेष हत्यारे परवडतात आणि कामगार एका कामात निष्णात होतो. शिवाय घाटातील प्रवासी-वाहतुकीत ब्रेकची हमी अन्य कोणावर सोडणे शक्य नसते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ड्रम तापतो व लायनरची पकड कमी होते. द्रवदाबाच्या ब्रेकमध्ये आणखी एक धोका असतो. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-३ प्रतीच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑईलसाठी ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. ऑईल उकळून वाफ झाली की पेडल खालपर्यंत जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणूनच गाडी खालच्या गिअरमध्ये उतरविण्याची शिस्त आणि ऑईल ठरावीक मुदतीने बदलण्याची शिस्त या दोहोंना सारखेच महत्त्व आहे. दुसरी शिस्त घरगुती दुरुस्तीत सर्वाधिक विसरली जाते, कारण जुने ऑईल डोळ्यांना पुरेसेच दिसते.

मिगचा कारखाना : राष्ट्राच्या पातळीवरील हाच प्रश्न

ऑगस्ट १९६२ मध्ये भारताने सोव्हिएत संघाशी मिग-२१ विमानांबाबत करार केला. १९६३ मध्ये एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर १९६४ रोजी तिचे हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये विलीनीकरण होऊन हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड (एचएएल) अस्तित्वात आली. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुट येथे व इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी विभागणी ठरली. मिग-२१ च्या विविध आवृत्त्या, पुढे मिग-२७ आणि एकविसाव्या शतकात सुखोई-३० एमकेआय ही विमाने ओझरला परवान्याखाली तयार झाली. विमानांच्या संपूर्ण दुरुस्तीचे, म्हणजे ‘ओव्हरहॉल’चे कामही येथे होऊ लागले. भारतीय हवाई दलाचा अकरा क्रमांकाचा बेस रिपेअर डेपो हाही ओझर येथेच आहे.

विमान विकत घेणाऱ्या राष्ट्रापुढे मोटार-मालकापुढचाच प्रश्न मोठ्या रूपात उभा असतो. विमान दुरुस्तीसाठी निर्मात्याच्या देशात पाठवावयाचे की ते काम स्वतः शिकावयाचे? परदेशी पाठविल्यास विमान दीर्घकाळ हाताबाहेर राहते, परकी चलन खर्च होते आणि युद्धप्रसंगी परावलंबन घातक ठरते. स्वतः करावयाचे तर आराखडे, पुस्तिका, चाचणी-यंत्रे व सुटे भाग मिळविण्यासाठी आधी मोठा खर्च करावा लागतो. भारताने दुसरा मार्ग निवडला. मात्र परवान्याखालील उत्पादन म्हणजे पूर्ण स्वावलंबन नव्हे, हे १९९१ मध्ये सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर स्पष्ट झाले. सुट्या भागांचा पुरवठा विस्कळीत झाला आणि अनेक भाग देशातच तयार करण्याच्या प्रयत्नांना गती द्यावी लागली. हात कुशल असूनही भाग नसेल तर काम अडते, हा महामार्गावरच्या मिस्त्रीचा अनुभव राष्ट्रालाही आला.

डिसेंबर २००० मध्ये सुखोई-३० एमकेआयच्या परवाना-उत्पादनाचा करार झाला व २००४ पासून ओझरची विमाने हवाई दलाला मिळू लागली. एप्रिल २०१८ मध्ये अकरा क्रमांकाच्या डेपोने स्वतः ओव्हरहॉल केलेले पहिले सुखोई-३० विमान हवाई दलाच्या कार्यरत तुकडीकडे सोपविले. मार्च २०२४ मध्ये या डेपोला राष्ट्रपतींच्या हस्ते ध्वज-सन्मान मिळाला. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये सेवेतून निवृत्त झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिक विभागात तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने येथून उड्डाण केले.

विमान-दुरुस्तीतील एक तत्त्व प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. ज्याने काम केले त्याच्या एकट्याच्या शब्दावर विमान उडत नाही. काम करणारा व ते तपासणारा वेगळा असतो, प्रत्येक भागाची नोंद राहते आणि सही करणाऱ्यावर उत्तरदायित्व येते. स्वावलंबन आणि स्वतपासणी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे संस्थात्मक रूपात मान्य केलेले दिसते. अंगणात स्वतःच्या गाडीचे ब्रेक बदलणाऱ्या मालकाकडे हत्यारे, भाग व ज्ञान असू शकते. दुसऱ्या डोळ्यांची तपासणी मात्र बहुधा नसते.

१९८३ नंतरचे परिवर्तन

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली व तिच्याबरोबर अधिकृत सेवा-केंद्रांचे जाळे वाढले. पुढील काळात पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक हे सामान्य झाले. येथे एक विरोधाभास दिसतो. डिस्क ब्रेकचे पॅड बदलणे हे ड्रमचे लायनर बदलण्यापेक्षा सोपे आहे. रिव्हेट नाहीत, स्प्रिंगांचा गुंता नाही. तरीही काम सोपे होत असतानाच मालक त्यापासून दूर गेला.

याची कारणे अनेक आहेत. हमीच्या काळात गाडी अधिकृत केंद्रात नेण्याकडे मालकाचा कल राहिला. पगारदार वर्गाजवळ पैसा वाढला व वेळ कमी झाला. सदनिकांच्या वसाहतींत गाडी उचलून काम करण्यास जागा उरली नाही. श्रमाच्या दराचाही विचार करावा लागतो. अमेरिकेसारख्या देशात मजुरी महाग असल्याने स्वतः काम करण्यात मोठी बचत होते व तेथे ही प्रथा रुजली. भारतात बिलातील मजुरीचा वाटा तुलनेने लहान असतो, त्यामुळे बचतही लहान राहते. उलट नकली सुटे भाग, चुकीचे आवळलेले बोल्ट वा नळीत राहिलेली हवा यांचा धोका मात्र तेवढाच असतो. २०१८-१९ पासून नव्या मोटारींत व १२५ सीसीवरील दुचाक्यांत चाक न अडकू देणारी यंत्रणा (एबीएस) अनिवार्य झाली. विजेवर चालणाऱ्या पार्किंग ब्रेकच्या काही गाड्यांत तर मागचे पॅड बदलण्यापूर्वी निदान-यंत्राने कॅलिपर मागे घ्यावा लागतो. सीमारेषा आखणारे हत्यार पुन्हा एकदा बदलले आहे. भट्टी व लेथनंतर आता संगणक-प्रणाली आली आहे.

कायद्याची भूमिका या संदर्भात पाहण्यासारखी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परिवहन-वाहनांना योग्यता-प्रमाणपत्र बंधनकारक केले आणि असुरक्षित स्थितीत वाहन वापरणे हा गुन्हा ठरविला. खासगी मालकाने स्वतःच्या गाडीचे ब्रेक दुरुस्त करू नयेत, असा निर्बंध मात्र त्यात नाही. म्हणजे दुरुस्तीचे स्वातंत्र्य मालकाकडे आहे व परिणामांची जबाबदारीही त्याच्याकडेच आहे. परंतु हे स्वातंत्र्य वापरण्यासाठी भाग व माहिती उपलब्ध असावी लागते. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार-उत्पादकांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सुटे भाग व निदान-साधने स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून देण्याचे निर्देश दिले. हे प्रकरण पुढे अपिलात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावरील संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारी व शेती-अवजारे या क्षेत्रांचाही समावेश आहे. द्राक्षबागांच्या निफाड तालुक्यात ट्रॅक्टर व पिकअप गाडी हंगामात एक दिवस अडली तरी नुकसान होते. त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा हक्क तात्त्विक नसून रोजच्या व्यवहाराचा आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला, घर व कार्यशाळा यांमधील सीमारेषा प्रत्येक काळात प्रामुख्याने हत्यारांनी आखली आहे. दुसरा, रचना दीर्घकाळ स्थिर राहिली की दुरुस्तीचे ज्ञान समाजात पसरते आणि ती वेगाने बदलू लागली की ते ज्ञान पुन्हा उत्पादकाच्या हाती एकवटते. तिसरा, ज्याच्याजवळ एकाच जातीची अनेक वाहने आहेत, त्या संस्थेला स्वहस्ते दुरुस्ती लाभते. एकच गाडी असणाऱ्याला ती क्वचितच लाभते. चौथा, सुटे भाग दुसऱ्याच्या हाती असतील तर स्वावलंबन अपुरे राहते, मग तो मालक असो वा राष्ट्र.

ब्रेकपुरते पाहता, ऑईलची पातळी व पॅडची जाडी पाहणे, पेडलमधील बदल ओळखणे आणि घाटात गाडी गिअरमध्ये उतरविणे ही मालकाचीच कामे आहेत. ती कोणत्याही कार्यशाळेला देता येत नाहीत. भाग बदलण्याचे काम ज्याने शिकून घेतले आहे त्याने ते जरूर करावे. पण ते दुसऱ्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे. गाडी कार्यशाळेत दिली तरी काय बदलले, का बदलले व जुना भाग कोठे आहे, हे विचारण्याइतके ज्ञान मालकापाशी असणे इष्ट आहे. ओझरच्या एकाच शिवारात महामार्गावरचा मिस्त्री व विमानाच्या कामावर सही करणारा तपासनीस दोघेही वावरतात. पहिल्याची हातोटी आणि दुसऱ्याची नोंद ठेवण्याची शिस्त यांचा मेळ घालणे, हाच या इतिहासाचा व्यावहारिक बोध म्हणता येईल.